ओली रेघ शोधणाऱ्या सुधाताई

हा लेख मी सहा महिने टाळला, हे आधीच कबूल करतो. सुधाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या संपादकांचे चार फोन येऊन गेले. दर वेळी मी वेगळ्या गावात होतो आणि उत्तर एकच देत होतो, लिहायला घेतलंय. शेवटी त्यांनी मला सुधाताईंच्याच स्वयंपाकघरात आणून बसवलं. ताई बाहेर ड्राइव्हवर, म्हणजे घरासमोर गाडी लावायच्या जागेत, कुणाच्या तरी बॉनेटखाली डोकं घालून आहेत, तेवढ्यात उरकतो.

त्यांची पहिली ओळख झाली ती पायांची. ऐंशीच्या दशकाची अखेर. मँचेस्टरचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी ब्रिस्टलला निघालो होतो. वाट वाकडी करून मिल्टन कीन्सला का उतरलो ते आता आठवत नाही. रेडवेवर, म्हणजे इथल्या चालण्या-सायकलीच्या लाल रस्त्यांवर, वाट चुकलो. (इथले राउंडअबाउट सगळे सारखेच दिसतात, पण ते राहू द्या.) एका घरासमोर गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. आतून आवाज आला, "अहो, तेराचा पाना द्या." मी दिला. "हा दहाचा आहे." मग ताई बाहेर आल्या. यजमानांऐवजी भलताच कुणी उभा आहे हे बघून त्यांनी एवढंच विचारलं, जेवलास का. मी तिथे तीन वर्षं राहिलो.

गाड्यांचं काम ताई इथल्या कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकल्या. वर्गात बाई त्या एकट्याच. आपल्या मंडळींत त्याची थट्टा व्हायची. ताईंच्या मैत्रिणीचे, वैशालीताईंचे, यजमान शरदराव तर जेवणाच्या पंगतीत विचारायचे, "वहिनी, आमटीला कुठल्या ग्रेडचं ऑइल?" ताई त्यांना आणखी एक डाव वाढायच्या.

एका हिवाळ्यात वैशालीताईंची गाडी तापायला लागली. त्या डॉक्टर; हॉस्पिटल तीस मैलांवर, सोमवारपासून ऑन-कॉल, आणि त्या वेळांना बस नाही. गॅरेजवाल्याने सांगितलं, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याला, चीर गेली आहे, इंजिन संपलं. शरदराव म्हणाले, मग ठीकच आहे, गाडी स्क्रॅप करू, तूही ती लांबची पोस्ट सोड आणि जवळच्या क्लिनिकमध्ये बघ. वैशालीताईंनी ती पोस्ट चार मुलाखती देऊन मिळवली होती. शनिवारी दुपारी त्या गाडी ओढून ताईंकडे घेऊन आल्या. शरदरावही आले, हात खिशात घालून.

ताईंनी पाना उचलला नाही. आधी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. मग फडक्याने त्याची कड न् कड कोरडी केली आणि घरातून टाल्कम पावडरचा डबा आणला. शरदराव हसले. ताईंनी इंजिनाच्या अंगावर पावडर शिंपडली, रेडिएटरला टोपीच्या जागी हातपंप लावला, हवेचा दाब दिला आणि टॉर्च घेऊन बसून राहिल्या. वीस मिनिटं गेली. मग एक्झॉस्टच्या मागे, जिथे हातही धड जात नाही, तिथे पांढऱ्या पावडरीवर एक बारीक ओली रेघ उतरली. ती सुरू होत होती नाण्याएवढ्या पत्र्याच्या टोपीपाशी. तिला कोअर प्लग म्हणतात. ती जागची हलली होती. ब्लॉक शाबूत होता.

गळणारं पाणी ताईंनी बोटावर घेतलं. पाणी गोठू नये म्हणून घालतात त्या अँटीफ्रीझचा रंग त्यात नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वैशालीताई मला अधूनमधून गाडी द्यायच्या म्हणून मी ती धुवायचो, आणि लेव्हल खाली दिसली की नळाचं पाणी ओतायचो. गावाकडे रेडिएटरला पाणीच घालतात, मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यातल्या गारठ्यात त्याचा बर्फ झाला आणि त्याने प्लग ढकलला. ताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "प्लग मी बसवते. पण वैशालीला सांगायचं काम तुझं. तेही मीच करायचं का?"

मी सांगितलं. वैशालीताई माझ्या हातात टॉर्च देत म्हणाल्या, नीट धर. नवा प्लग बसवायला रविवार संध्याकाळ झाली. सोमवारी त्या त्याच गाडीने हॉस्पिटलला गेल्या आणि आज तिथे कन्सल्टंट आहेत.

त्यानंतर आपल्या किती बायकांनी ताईंच्या ड्राइव्हवर शनिवारी बाह्या दुमडल्या, ते ग्रंथात इतर लोक सांगतीलच. मी जातो त्या गावात सांगतो, की मला काम सुधाताईंनी शिकवलं. माझ्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच आहे. कुठलीच गोष्ट मी पुरी केली नाही, पण गळती शोधताना मात्र घाई करत नाही.

ताई साठीच्या झाल्या. त्यांचे गुडघे गाडीखाली शिरताना कुरकुर न करोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि पुढची कित्येक वर्षं आम्ही चुकीचा पाना द्यावा आणि त्यांनी तो परत करावा.

एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारनंतरही शरदरावांनी स्वतःची गाडी कधी ताईंकडे आणली नाही. नेहमी कुठल्याशा मोठ्या गॅरेजला.

थांबा. खिडकीतून दिसतंय, आत्ता एक गाडी दारात लागली. बॉनेटमधून वाफ येते आहे. शरदराव उतरलेत, एकटेच. ताई हात पुसत उभ्या आहेत, आणि ते त्यांना म्हणताहेत, "वहिनी, जरा बघता का?"