पडद्यामागून पाहिलेली ल्वार नदी

"मास्तर, तुमची नदी तर पूर्वेला चाललीय!"

पडद्यामागून आईसाहेब कडाडल्या आणि मी लँटर्नपाशी उभ्या उभ्या थिजलो. माझं सगळं लेक्चर 'ही नदी पश्चिमेला जाते' या एकाच खुंटीवर टांगलेलं होतं.

आधी धंदा सांगतो. धार आणि देवास, दोन्ही संस्थानांत मी मॅजिक लँटर्नचे खेळ करत असे. लँटर्न म्हणजे पितळी डबा, आत रॉकेलचा दिवा, पुढे लेन्स. मधे काचेवर रंगवलेलं चित्र सरकवायचं, त्याला स्लाइड म्हणतात. ते चित्र समोरच्या चादरीवर भलं मोठं होऊन पडतं. चादर पाण्यानं भिजवली की ते मागूनही दिसतं. मोठ्या घरांत ही सोय फार, कारण पुरुष पुढे बसत आणि गोषातल्या बायका मागे. फक्त मागून डावं ते उजवं दिसतं. पण वाघ कुठल्याही बाजूनं आला तरी माणूस घाबरतोच, त्यामुळे आजवर कुणाची तक्रार नव्हती.

तर धारच्या एका सरदारांना, दादासाहेबांना, फ्रान्सचं वेड लागलं. तिथल्या ल्वार नदीच्या काठानं राजेलोकांचे महाल आहेत, द्राक्षांचे मळे आहेत, आणि द्राक्षांचं पुढे जे काही होतं तेही आहे. त्यांचा सगळा जीव त्या तिसऱ्या गोष्टीत. पण आईसाहेब समुद्र ओलांडू देईनात.

"मास्तर, आईला ती नदी अशी दाखवा की तिनं स्वतः माझी ट्रंक भरली पाहिजे," दादासाहेब म्हणाले. "तिनं हो म्हटलं तर फोटोग्राफर म्हणून तुम्ही माझ्याबरोबर."

मी त्याच दिवशी गरम कोट शिवायला टाकला. अमझेऱ्याला सासुरवाडीत जाऊन सांगूनही आलो. लँटर्नवाला जावई म्हणून नाक मुरडणारे सासरे त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मला "बसा" म्हणाले. आता जाणं झालं नाही तर अमझेऱ्यात तोंड दाखवायची सोय नव्हती.

आईसाहेबांचं माहेर निसरपूरकडचं, नर्मदेच्या काठचं. नर्मदेची परिक्रमा करायची त्यांची फार इच्छा होती. परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता, एका काठानं पायी जायचं आणि दुसऱ्या काठानं पायी परतायचं. पण गोषातल्या बाईला कोण पायी सोडणार? ती इच्छा राहूनच गेली होती. मी मनाशी ठरवलं, ल्वार ही नर्मदेची बहीण म्हणूनच दाखवायची.

खेळ झकास सुरू झाला. "आईसाहेब, हा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी. इथे ल्वारचा उगम. ही वाळूची बेटं. काठच्या टेकड्यांत लोक गुहा कोरून राहतात, आपल्या बाघच्या लेण्यांसारख्या."

"बरं आहे. थंड राहत असतील," पडद्यामागून आवाज आला.

मग एका महालातला जिना दाखवला. दोन जिने एकमेकांभोवती वळत जातात. एकानं चढणारा आणि दुसऱ्यानं उतरणारा, दोघांची गाठच पडत नाही. देवासहून आलेले आईसाहेबांचे भाऊ, मामासाहेब, पुढे बसले होते. ते एकदम उठून उभे राहिले. देवासला गादी एक नाही, थोरली पाती आणि धाकटी पाती असे एकाच गावात दोन दरबार.

"अरे भिया, हा जिना देवासला पाहिजे! थोरले इकडून, धाकटे तिकडून. पहले कौन, ही झंझटच खतम!"

त्यांना कसंबसं खाली बसवलं आणि मी नकाशाची स्लाइड घातली. "ही ल्वार. आधी उत्तरेला जाते, मग वळून थेट पश्चिमेला, समुद्राला मिळते. अगदी आपल्या नर्मदामाईसारखी. नकाशात डावा हात म्हणजे पश्चिम."

तेव्हा आईसाहेब कडाडल्या. मागून त्यांना नदी उजवीकडे जाताना दिसत होती.

मी झटकन स्लाइड काढून उलटी घातली.

"ओ मास्तर, आता आमच्याकडून उलटी जातेय!" मामासाहेब ओरडले.

पुन्हा फिरवली. पुन्हा आईसाहेब. दादासाहेब डोक्याला हात लावून बसले. मला डोळ्यांपुढे सासरे दिसायला लागले, आणि त्या भीतीपोटीच बहुतेक मला सुचलं.

"आईसाहेब, नदी एकच आहे. आम्ही या काठावर बसलोय, आपण त्या काठावर. या काठावरून ती डावीकडे जाते, त्या काठावरून उजवीकडे. जाते मात्र पश्चिमेलाच."

पडद्यामागून आईसाहेबांचा आवाज आला, आणि तो चक्क भरून आला होता. "खरंच की. नर्मदा पण अशीच. दादा, जा तू. माझी परवानगी आहे."

दादासाहेबांनी मला मिठीच मारली. माझा कोट, माझं फ्रान्स, सगळं पक्कं!

"माझी नर्मदेची राहिली ती राहिलीच," आईसाहेब पुढे म्हणाल्या. "तू हिची पुरी परिक्रमा करून ये. अनवाणी. एक वेळ जेवून. द्राक्षं खाल्लीस तरी चालतील, पण त्यांचं पुढे काही झालेलं नको."

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांचा गुडघा धरला. उभंच राहवेना.

"असू दे," आईसाहेब म्हणाल्या. "त्याच्या नावानं मास्तर चालतील. कोट तर शिवलाच आहे त्यांनी."

परक्या मुलखात अनवाणी, काखेत झोळी, वर्ष-दोन वर्षं चालत! संध्याकाळपर्यंत माझाही गुडघा धरला.

आईसाहेबांनी आम्हां दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कंदील लावा, मास्तर. चादर दिवाणखान्याच्या मधोमध बांधा. मीच जाते. या वयात आता कसला गोषा!"

पदर सावरत त्या पडद्यामागून बाहेर आल्या. चादर उजव्या हाताला ठेवून, "नर्मदे हर" म्हणत त्यांनी ल्वारला फेरी घातली. या काठानं गेल्या, त्या काठानं परतल्या. इतक्या खूश झालेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते लगेच आटलं, कारण त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं पण माझ्या मागून चला. दुखऱ्या गुडघ्यांना गुण येतो."

ती अख्खी थंडी आम्ही रोज लंगडत चादरीभोवती फिरलो. एकदा मामासाहेब देवासहून आले, दारात उभं राहून बघत राहिले आणि म्हणाले, "भिया, मागच्या खेपेला तर डावा गुडघा धरला होता ना?"

धडा एवढाच, की गिऱ्हाइकाला पटेपर्यंतच बोलावं, पटलं की लँटर्न विझवावा. फ्रान्स राहिलं ते राहिलंच. सासऱ्यांना मात्र मी गुडघ्याचं कळवून टाकलं, आणि ते शेवटपर्यंत मला पाहिल्याबरोबर "बसा, बसा" म्हणत राहिले.