भाव उतरला, बाई उतरेनात

भर दुपारी दुकानासमोर एक लाल गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून बराच वेळ कुणी उतरलंच नाही.

होटगी रोडला आमचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. सासऱ्यांनी रिक्षांच्या हुडांपासून सुरुवात केली होती, आता मी मोटारींचं करते. गिऱ्हाईक गाडी लावून फोनवर बोलत बसतं, याची मला सवय आहे. म्हणून मी मशीनवरून उठले नाही. मग हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा लांबलचक.

दुकानातले आमचे कारागीर, ज्यांना सगळा रोड चाचा म्हणतो, बाहेर डोकावून आले आणि म्हणाले, "भाभी, अंदर एक आक्का बैठेली है. बुला रही है."

मी गेले. गाडी दोन दारांची, इतकी बुटकी की आत बघायला मला कमरेत वाकावं लागलं. आत साठीच्या एक बाई होत्या. पांढरे केस घट्ट बांधलेले, पंजाबी ड्रेस, गळ्यात दोरीला शिट्टी.

"आक्का, काय काम आहे?" मी विचारलं.

"काम नंतर सांगते. आधी मला बाहेर काढा."

मी एक हात धरला, चाचांनी दुसरा. बाई बाहेर आल्या, ओढणी झटकली आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाल्या, "हेच काम आहे."

त्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. खो-खोचे संघ तयार करता करता दोन्ही गुडघे गेले. निवृत्त झाल्या, लग्न केलेलं नव्हतं, घरात एकट्या. आणि त्यांनी आठवड्यापूर्वी पुणे रोडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ही स्पोर्ट्स कार घेतली होती.

"स्पोर्ट टीचर की स्पोर्ट गाडी," चाचा म्हणाले. "बराबर है."

बाईंना विनोद आवडला नसावा. त्या म्हणाल्या, "बसता येतं. उतरता येत नाही. बाजारवाल्यानं रविवारपर्यंत मुदत दिलीय. नको असेल तर गाडी परत, पैसे परत. पण गाडी नेली तशी पाहिजे. आणि माझा भाऊ रविवारी सकाळी मला घेऊन जायला येणार आहे, परत करायला. त्याच्या आत मला हिच्यातून एकटीनं उतरता आलं पाहिजे. नाही आलं तर मीच परत करीन. दुसऱ्याच्या हाताला धरून उतरायची गाडी मला ठेवायची नाही."

मला असं गिऱ्हाईक आवडतं. काय पाहिजे आणि काय नको, दोन्ही सांगून मोकळं.

सीट बघायला मी आत शिरले आणि डोकं टेकायच्या उशीवर हात फिरवला. बोटांना भोकं लागली. बारीक, ओळीनं, एका अक्षराच्या आकाराची. चामड्यात सुई एकदा गेली की भोक राहतं, कापडासारखं बुजत नाही. ते अक्षर मी भरलं होतं. मीच उसवलंही होतं.

ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा एका ठेकेदाराच्या मुलाची होती. नवीकोरी. तो तीन मित्रांना घेऊन आला. दोघं गाडीत, दोघं मागून मोटरसायकलवर. चाचा माप घ्यायला सीटवर टेकले तर म्हणाला, "ओ, बसू नका, बसू नका!" सीटवर न बसता सीटचं माप कसं घ्यायचं, हे त्यानं सांगितलं नाही. त्याला स्वतःचं अक्षर सोनेरी धाग्यात पाहिजे होतं. ते भरून दिलं. तेव्हा गाडीभोवती एवढी गर्दी झाली की शेजारच्या पंक्चरवाल्यानं मलाच विचारलं, "भाभी, कुनाची हाय ओ?" आणि मालकाचं नाव ऐकल्यावर मान हलवली. त्या काळात अशा गाडीचा मालक कोण असणार, हे आधीच ठरलेलं असायचं. विचारायचं ते फक्त बापाचं नाव.

नंतर ती सांगोल्याच्या एका डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे गेली. त्यानं अक्षर उसवायला आणली. भला माणूस होता. म्हणाला, "ताई, हौस म्हनून घेतली. पर बागंत नेली आन् पोटच घासलं की. आता ताडपत्रीखाली हाय." त्याच्या गावापर्यंत जितके स्पीड ब्रेकर होते, तितक्या वेळा तो बायकोला खाली उतरवायचा, गाडी तिरकी घालून पलीकडे न्यायचा आणि पुन्हा बसवायचा. दोन खेपांनंतर बायको एसटीनं जायला लागली.

आणि आता तिसऱ्या मालकीण या. मला कुतूहल वाटलं, एवढी गाडी या बाईंना परवडली कशी? मी सरळ विचारलं. बाईंनीही सरळ सांगितलं. नवी लहान चारदारी गाडी घेण्यापेक्षा ही स्वस्त पडली.

बाजारवाला माझ्या ओळखीचा. जुन्या गाड्यांच्या सीटा माझ्याकडूनच नीट करून घेतो. संध्याकाळी त्याला फोन लावला आणि विचारलं, "काय रे, या गाड्यांचा भाव एवढा उतरला कसा?"

"वैनी, आता गिऱ्हाईकाला उंचावर बसायचंय," तो म्हणाला. "पुढारी उंच गाडीत, ठेकेदार उंच गाडीत. खाली बसून कोण दिसतंय? वर पार्ट महाग, पेट्रोल पितेय, आणि आपल्या रस्त्याचं तर तुम्हाला म्हाईतच हाय. पूर्वी ही गाडी बघायलाच माणसं यायची. आता घेनारा पहिला विचारतो, ॲव्हरेज किती."

"मग घेतं कोण?"

"तेच मला बी कळंना झालंय. मागच्या महिन्यात एक मेसवाले काका घेऊन गेले. लग्नाच्या फोटोला भाड्यानं देणारी दोघं भाऊ हायत. आता ह्या बाई. ज्यांच्याकडं बघून वाटत न्हाय, तेच घ्यायला लागलेत."

हे मला पटलं. भाव उतरला की गाडी दाखवणाऱ्यांच्या हातून सुटते आणि ज्याला खरंच पाहिजे त्याच्याकडे येते. पण बाईंना ही गाडी का पाहिजे, ते मला अजून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा मी विचारलं. त्या हसल्या. "हीच गाडी माझ्या शाळेच्या फाटकासमोर उभी राहायची. शाळा सुटायच्या वेळी. तो ठेकेदाराचा पोरगा. मी शिट्टी मारून हाकलायचे. एकदा तर बॉनेटवर हात आपटून म्हटलं, काढ ही इथून. काढली. पण हात आपटला तेव्हा आतलं इंजिन हाताला लागलं, असं थरथरत होतं. वर्गावर गेले तरी हात तसाच." मग म्हणाल्या, "त्यानं डाळिंबवाल्याला खो दिला, डाळिंबवाल्यानं मला. मी आता कुणाला द्यायचा नाही म्हणते."

काम सुरू झालं. माझा पहिला विचार सरळ होता. सीट खाली आहे म्हणून उतरता येत नाही, तर सीट उंच करू. फोमचा जाड थर खाली तात्पुरता घातला. बाई बसल्या आणि डोकं छताला लागलं.

"स्पीड ब्रेकरवर काय होईल?" मी म्हटलं.

"मान मोडंल," चाचा म्हणाले. "नक्को आक्का."

थर काढला. मग चाचांनी ट्रकमध्ये असतो तसा पट्टा दाराच्या वर बांधून दिला, लटकून उठायला. बाईंनी जोर लावला. त्या अर्ध्या वर आल्या, उजवा पाय बाहेर, सगळा भार एका गुडघ्यावर, आणि परत खाली बसल्या. कपाळावर घाम आला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"बैठते बैठते तो बैठ जाते जी," चाचा म्हणाले, "उठनेकाच झगडा है."

उद्या रविवार होता. मी चहा मागवला. बाईंनी आतच बसून घेतला. बाहेर यायचं म्हणजे आम्हा दोघांना हात द्यावा लागला असता, आणि त्या ते टाळत होत्या. दार उघडं, पाय लांब पसरलेले, पेला हातात. रस्त्यावरचा एक फळवाला गाडा थांबवून बघत राहिला. त्यानं मला विचारलं, "पोरगा आलाय काय बाईंचा? फॉरेनवरनं?"

"नाही," मी म्हटलं.

"मग गाडी कुनाची?"

बाईंनी ऐकलं. चहा संपवला, पेला बाजूला ठेवला आणि दाराच्या खालच्या उंबऱ्यावर हात ठेवून तो चाचपत बसल्या.

"काय बघताय?" मी विचारलं.

"हा काठ आहे ना," त्या म्हणाल्या. "खड्ड्याचा काठ."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर अशोक चौकातलं, तेलुगू विणकरांचं. घरात खड्ड्याचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, विणणारीनं त्याच्या काठावर बसायचं, पाय खाली खड्ड्यात. त्यांची आई म्हातारपणीही मागावर बसायची आणि तिचेही गुडघे गेलेले होते.

"आई उठायची कशी, ते मी रोज बघितलंय," बाई म्हणाल्या. "एक पाय बाहेर टाकून उभी नाही राहायची कधी. दोन्ही हात मागं टेकायची, बूड सरकवत काठावरून मागं न्यायची. मग दोन्ही पाय एकदम वर. मग सावकाश उभी. गुडघ्याला शेवटीच काम. आपण तिघं सीट वर आणायला बघतोय. मला वर नाही यायचं. मला आधी काठावर यायचंय."

मी वाकून बघितलं. बरोबर होतं. उंबरा सीटच्या जवळपास बरोबरीला होता. मध्ये फक्त एक अडचण, सीटच्या दाराकडच्या बाजूची ती उंच कड. वळणावर माणूस घसरू नये म्हणून या गाड्यांच्या सीटला अशी कड असते. तिच्यावरून बाईंना सरकता येत नव्हतं, म्हणून त्या उंबऱ्यापर्यंत पोचतच नव्हत्या.

"ही कड कापली की झालं," मी म्हटलं. "आतली तार वाकवून खाली घ्यायची, फोम उतरवायचा, वरून नवा तुकडा शिवायचा. पण एक सांगते आक्का, कापलं की गाडी परत जाणार नाही. तो घेणार नाही. आणि पुढं विकायला गेलात तर आणखी कमी येतील."

"आणि वळणावर?"

"थोड्या घसराल."

बाईंनी कडेवर हात ठेवला आणि ती पुढून मागपर्यंत चाचपून बघितली. मीही घाई केली नाही. जी गाडी एवढ्या हौसेनं घेतली, तिचीच एक बाजू कापायची, म्हणजे विचार करायला पाहिजेच. चाचांनी उगाच कात्री पुसली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाऊ होता. त्या तेलुगूत बोलल्या. मला आमच्या गल्लीतल्या बायकांमुळे थोडं समजतं. तो मोठ्यानं बोलत होता, बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. लोक हसतायत, गल्लीत विचारतायत, या वयात पडलीस तर कोण उचलणार, असं काहीतरी. बाई मध्ये मध्ये नुसतं "वद्दु" म्हणत होत्या. म्हणजे नको. शेवटी मराठीत म्हणाल्या, "उद्या ये तू. जेवायलाच ये. बाजारात जायचं नाहीये." फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कापा."

मी खडूनं रेघ मारली. चाचांनी टाके उसवले, चामडं सोललं, फोम तासला. तार वाकवायला दोघांचा जोर लागला. नवा तुकडा तंतोतंत त्याच लाल रंगाचा मिळाला नाही, एक छटा गडद आला. मी म्हटलं, उशीवरची ती भोकंही झाकून देते. बाई म्हणाल्या, "राहू द्या. डोक्यामागचं मला कुठं दिसतंय?"

काम होईपर्यंत बाई स्टुलावर बसून होत्या. मग आत बसल्या. सीट मागं ढकलली, दोन्ही गुडघे जोडून दाराकडे वळल्या, पाय एकदम बाहेर. दोन्ही हात मागं. सरकल्या. कडेवरून, जिथं आता कड नव्हती, उंबऱ्यावर आल्या आणि तिथं बसल्या.

"तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये म्हणतात," मी म्हटलं.

"मी कुठं बसलेय? मी चाललेय," त्या म्हणाल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. आम्ही दोघं हात पुढं करून तयार होतो. त्यांनी आमच्या हातांकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी बाजारवाल्याचा फोन आला. "वैनी, सीट कापली म्हने तुमी! आता तिला काय किंमत राहिली?"

"विकायची असली तर काही नाही," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी सात रस्त्याजवळच्या पंपावर स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला गेले होते. लाल गाडी आली. पंपाच्या तोंडाशी स्पीड ब्रेकर होता, ती तिरकी होऊन सावकाश वर चढली, तिरकीच खाली उतरली. कॉलेजची दोन पोरं मोबाईल काढून पुढं धावली. एकानं काचेत वाकून बघितलं आणि चमकून सरळ झाला.

"आज्जी, गाडी कुणाची आहे?"

दार उघडलं. दोन पाय एकदम बाहेर आले, मागोमाग हात, मग बाई उंबऱ्यापर्यंत सरकल्या. पोरगा मदतीला हात पुढं करायला लागला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "उतरून सांगते."