सावडीला इंग्रजी शब्द नाही

बोईसरजवळच्या सरावलीत मी इंग्रजी बोलायला शिकवते. संध्याकाळी कारखान्यांतल्या कामगारांची मुलं येतात आणि सकाळी लॅपटॉपवर कुठकुठली माणसं. गेल्या वर्षापासून त्यांत पेरू देशातल्या एका डोंगराळ गावची बाई आहे. तिची मातृभाषा केचुवा. पर्यटकांना डोंगर दाखवायचं काम तिला हवं आहे, म्हणून इंग्रजी. आमची सकाळ म्हणजे तिची आदली संध्याकाळ. मी ताजीतवानी आणि ती जांभया देत, असा आमचा वर्ग चालतो.

तिच्यामुळे मी इंग्रजीकडे पहिल्यांदाच जरा तिरक्या नजरेने बघायला लागले. इंग्रजीत 'वी' म्हटलं की समोरच्याला त्यात धरलंय की वगळलंय, कळायला मार्ग नाही. केचुवात त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. मी म्हटलं, आमच्यातही आहेत, आम्ही आणि आपण. त्या दिवशी आम्ही दोघी इंग्रजीला पोटभर हसलो, तेही इंग्रजीतच, कारण दोघींना येणारी दुसरी भाषा नव्हती.

गाडी अडली ती 'थँक्यू'वर. ग्लासभर पाणी दिलं तरी थँक्यू, दार धरलं तरी थँक्यू, हे काही तिच्या जिभेवर बसेना. आभाराचे शब्द केचुवातही आहेत, पण आमच्या घरात ते फारसे कोणी वापरत नाही, म्हणाली. तिच्या गावात शेतीची कामं 'आयनी'ने होतात. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. त्यात थँक्यू कधी म्हणायचं, असं तिने विचारलं. मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं, काम संपलं की म्हणायचं. आयनी म्हणजे आमच्याकडची सावड, हे मी तिथल्या तिथे ओळखलं होतं. सावडीला इंग्रजीत धड शब्द नाही, हेही वर ऐकवलं. मला सावड किती कळत होती, ते पुढच्याच रविवारी दिसलं.

सफाळ्याहून आत आमचं गाव आहे. आई तिथे एकटी राहते. आवणी, म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम, आमच्या आळीतली घरं सावडीने करतात. प्रत्येक घराने दुसऱ्याच्या शेतात एक माणूस द्यायचा. आमच्या घरचं माणूस म्हणजे आई. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती वॉकर घेऊन पडवीत बसलेली. मी मजूर लावू म्हटलं, तर ऐकेना.

"सावडीतनं एकदा सुटलं का परत कोन घेत नाय," एवढंच म्हणाली. शेताची तिला काळजी नव्हती. आपण आता कुणाच्या कामाच्या उरलो नाही, हे आळीने म्हणू नये, एवढीच धास्ती होती.

रविवारी सगळे आले. आईच्या बरोबरीची शेजारची काकी सर्वांत आधी. "चला, आपली आवनी उरकून टाकू," म्हणत ती चिखलात उतरली. मी काही उतरले नाही. भाकऱ्या थापल्या, सुक्या बोंबलाचं कालवण केलं, चहा पोचवला. संध्याकाळी पाय धुऊन मंडळी पडवीत टेकली, तेव्हा मी उभी राहिले आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हटलं, "तुम्ही सगळे आलात, आईचं काम केलंत, मी तुमची मनापासून आभारी आहे." बोईसरहून आणलेले पेढ्यांचे बॉक्स एकेकाच्या हातात दिले.

काकीने बॉक्स खाली ठेवला.

"आभार मानून मोकली होतेस काय गो? परवा माज्या शेतावर तुमचं कोन येनार, ते सांग."

माझे क्लास असतात, मी म्हटलं, एखादा मजूर पाठवते.

"बरं," काकी उठली. "तुमची आवनी झाली."

सकाळी हीच आवणी 'आपली' होती. पेढे पडवीतच राहिले. आई वॉकरला धरून उठली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोडवलंस मला एकदाचं." ती भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मी हा किस्सा पेरूच्या बाईला गंमत म्हणून सांगितला. तिने जांभई दिली नाही. मग उद्या कोण जाणार, तिने विचारलं. मी म्हटलं, इट्स कॉम्प्लिकेटेड. इंग्रजीची ही मोठी सोय आहे, काही न सांगता उत्तर दिल्यासारखं होतं. तिने ते वाक्य लिहून घेतलं आणि सरळ मनाने विचारलं, याचा अर्थ 'नाही' असा का?

मला इतकी लाज वाटली, की मी नेट गेल्याचं सांगून वर्ग बंद केला.

मंगळवारी क्लासला सुट्टी दिली आणि काकीच्या शेतात जाऊन उभी राहिले. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी लावलेली रोपं थोड्या वेळाने वर येऊन तरंगायची आणि शेजारची बाई न बोलता ती पुन्हा खोचायची. माझी ओळ बघून कोणीतरी "अंगन वाकडं हाय गो," म्हणालं आणि सगळ्या हसल्या. शेतकऱ्याची मुलगी मी, लहानपणापासून शाळा-क्लास करत या चिखलापासून लांब राहिले आणि त्याचा मला अभिमान होता. दुपारनंतर मला नुसत्या रोपांच्या जुड्या वाहायला लावलं. आई रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून छत्रीखाली बसली होती, नजर माझ्यावर.

संध्याकाळी पाटात पाय धुताना माझ्या ध्यानात आलं, की मी कशाची तरी वाट बघतेय. कोणीतरी थँक्यू म्हणेल याची. एवढं होऊनही.

काकी माझ्या बाजूने पुढे गेली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"तुजी पोर काय कामाची नाय. पुढच्या सालाला तूच ये गो, हिला नको धाडू."

"येते की," आई म्हणाली. ऑपरेशन झाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. तो गुडघा आता चिखलात उतरायचा नाही, हे तिला माहीत होतं आणि काकीलाही. माझ्या ओठांवर थँक्यू आलं होतं. ते मी गिळलं आणि दुसरा पाय धुवायला घेतला.