बॉनेटमधलं खोबरं

सोलापुरात भवानी पेठेतल्या चनबसप्पांना दोन गोष्टी विचारलेल्या खपत नसत. गुडघा कसा आहे, आणि गाडी कुठं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांची पांढरी गाडी दोन सोलापुरी चादरी पांघरून बोळात झोपली होती. टॉवेलचं दुकान मुलाकडं गेलं, पण गाडीची किल्ली म्हाताऱ्याच्या कनवटीलाच. मोडनिंबला लेकीकडं जायचं तर एसटीनं. स्टँडवर व्याही श्रीमंतराव मोटारसायकल घेऊन हजर, आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणणार, "बसा पावणं, घट्ट धरा!" मुलीचा बाप काय बोलणार? धरून बसायचा.

एकदा व्याह्यांशी फोनवर बोलताना चनबसप्पांच्या तोंडातून निघूनच गेलं, "या रविवारी जेवायला आपल्या गाडीनं येतो."

शनिवारी मल्लेश मेस्त्रीनं दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू केली. सुरू झाली खरी, पण जागच्या जागी अशी थरथरू लागली की हिवतापाच्या माणसानं आपली गोधडी काढून दिली असती. मल्लेशनं जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, प्लग साफ केले. थरथर कायम. रेस दिली की सुरळीत, पाय काढला की मिसिंग.

"पळताना बरी, उभी राहिली की बिघडते," मल्लेश म्हणाला.

"आमच्या ह्यांचंबी तसंच हाय की," अक्कम्मा दारातून म्हणाल्या. "दुकान सुटल्यापासनं."

चनबसप्पांचं निदान तयार होतं. शेजाऱ्यांची नजर, दुसरं काय!

मल्लेशनं कान इंजिनाजवळ नेला. कुठंतरी सुस्स असा आवाज येत होता. त्यानं एका रबरी नळीवर अंगठा दाबला आणि गाडीची थरथर थांबली. अंगठा काढला, पुन्हा थरथर.

"आप्पा, नळीला भोक हाय. फुकटची हवा ओढतीय." नळी उपसली तर उंदराच्या दातांच्या खुणा. खाली वाळक्या झेंडूची गादी, आणि गादीवर कुरतडलेली खोबऱ्याची वाटी. "इंजिनात खोबरं कुणी ठिवलं हो?"

आता, चनबसप्पांनी गाडी चालवली नव्हती, पण खंडेनवमी एकही चुकवली नव्हती. पत्र्याला हळदकुंकू लावून का भागतं? यंत्राची पूजा म्हणजे यंत्राची! म्हणून ते बॉनेट उघडत, इंजिनाला झेंडू वाहत, पुढं खोबरं-गूळ ठेवत, आणि मांजरानं तोंड घालू नये म्हणून बॉनेट नीट बंद करत.

"हे कुटं बोलायचं न्हाई," त्यांनी मल्लेशला बजावलं. मल्लेशनं शपथ घेतली आणि पाळली. अक्कम्मांनी घेतलीच नव्हती. त्या तोवर लेकीला फोन लावून बसल्या होत्या.

नळी बदलली. मांडीवर घेतलेल्या मांजरासारखी गाडी घुरघुरू लागली. रविवारी सकाळी मल्लेशनं पुन्हा वायर जोडून ती सुरू करून दिली आणि खिडकीत वाकून म्हणाला, "आप्पा, बॅटरी चार्ज धरंना. नवी उद्या मिळंल. तितं गाडी बंद केली तर धक्का मारावा लागंल, बघा."

मोडनिंबला श्रीमंतराव अंगणातच उभे. "या पावणं! उंदरानं सुट्टी दिली व्हय आज?"

सगळं घर खो-खो हसलं. चनबसप्पांनी बायकोकडं पाहिलं. ती केव्हाच उतरून लेकीच्या गळ्यात.

"उतरा की."

"उतरतो. आदी इंजिन ऐका."

"ऐकलं."

"असं न्हाई. वाकून ऐका."

श्रीमंतरावांनी वाकून ऐकलं. पाणी आलं, चहा आला, दोन्ही खिडकीतूनच गेले. भाकरी निवायला लागल्या.

"आता बंद करा की हो!"

"लई दिसांनी चाललीय. मधीच बंद केली तर इंजिनला बाधतं." हा शोध चनबसप्पांनी बसल्या जागी लावला होता. मागून गाडी ढकलणारे श्रीमंतराव त्यांना डोळ्यांपुढं दिसत होते, आणि त्या वेळचा त्यांचा आवाज सगळ्या मोडनिंबात ऐकू जाणार होता.

शेवटी श्रीमंतराव स्वतःच ताट घेऊन आले. उन्हात, खिडकीशी, ताट दोन्ही हातांनी धरून. लेकीचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मुलाचा बाप उभा होता आणि मुलीचा बाप बसला होता.

"वाढू का आजून काय?"

चनबसप्पांनी घास सावकाश चावला, सावकाश गिळला.

"आमटी जराशी," ते म्हणाले. "आन् पळू नका, आमाला घाई न्हाई."