मेलेला प्रोसेसर आणि माझं पत्रक

प्रोसेसर मेला, असं मीच जाहीर केलं होतं. जाहीर करायची सवयच आहे मला. कॉलेज सुटलं तेव्हापासून ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहितो.

आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत एकच कॉम्प्युटर. त्यावर माझी वहिनी बसते. सरकारनं सगळे फॉर्म ऑनलाइन केले. तळ्यात उभ्या असलेल्या माणसानं ते कुठं भरायचे, हे सांगायचं राहून गेलं. म्हणून लोक वहिनीकडे येतात. हे काम मिळालं आणि दुसऱ्यांच्या बांध्यांत ओणवं राहून धानाची रोवणी करणं तिचं सुटलं. कॉम्प्युटर गेला की ती परत चिखलात.

मदरबोर्ड जळाला तेव्हा चंद्रपूरच्या एका दुकानातून वापरलेला बोर्ड मीच आणला. मेकॅनिक नको, मी बसवतो, हेही मीच म्हणालो. माल तपासल्याशिवाय घेऊ नका, असं आमच्याच पत्रकात छापलंय. दुकानात विसरलो, म्हणून बसमध्ये खोका उघडला आणि प्रोसेसर बसतो त्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून पाहिलं. भद्रावतीजवळ कोळशाचे ट्रक, बसची खिडकी लागत नाही. सॉकेटवर काळी धूळ बसली. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मी ती चांगली घासून पुसली.

कॉम्प्युटर सोसायटीतून घरी आणला होता; आमचाच आधीचा प्रोसेसर या बोर्डावर बसवला आणि सगळं जोडून बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. स्क्रीन काळी. रॅमच्या पट्ट्या बदलून पाहिल्या. बोर्डावरचा सेल काढून परत बसवला. प्रोसेसरला वीज देणारी वायर उपटून पुन्हा खोचली. तेच. मग मी निकाल दिला: दुकानदारानं खराब बोर्ड गळ्यात मारला आणि त्यानं आमचा प्रोसेसर जाळला.

"दुसरा घेईन का सोसायटी?" वहिनीनं विचारलं.

"नाई घेणार."

"मंग रोवणीवाल्या बायाईले सांगून ठेवाले पाहिजे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी कागद ओढला. 'ग्राहकांनो, ही लूट ओळखा' पासून सुरुवात केली, पानभर लिहिलं. सकाळी ते खिशात घालून निघालो तर वहिनी बोर्डाचा खोका घेऊन दारात उभी.

"तुमी भांडत बसान, मंग सामान कोण धरन?"

दुकानदार म्हातारा, जाड चष्म्याचा. माझं भाषण त्यानं पुरतं ऐकलं. मग बोर्डावरून आमचा प्रोसेसर काढून स्वतःच्या मशीनमध्ये लावला. स्क्रीन उजळली.

"जिता आहे भाऊ तुमचा प्रोसेसर. कायले मारून राह्यले त्याले?"

त्यानं आमचा बोर्ड उजेडात धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. सॉकेटमध्ये केसासारख्या पिनांच्या रांगा होत्या. त्यातल्या तीन आडव्या पडलेल्या, आणि त्यांत अडकलेला एक लाल धागा.

"कपड्यानं पुसलं कोणी?"

वहिनीनं माझ्या खांद्याकडे पाहिलं. दुपट्टा लालच होता.

"वाकवून आणला, आता वापस घेत नाई," दुकानदार म्हणाला. "सरळ करून देल्लं असतं, पण माहे हात कापतेत."

वहिनीनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली. तिचं माहेर-सासर दोन्ही जाळी विणणारं. गुंता न तोडता सोडवणं तिला लहानपणापासून येतं. आधी धागा काढला. मग भिंगातून बघत एकेक पिन हळूच उभी केली.

"भाऊजी, त्या तिकडे जाऊन श्वास घ्या."

मी दारात जाऊन उभा राहिलो. मागून दुकानदाराचा आवाज आला, "लागली." वळून पाहिलं तर स्क्रीनवर पांढरी अक्षरं. मी तिथंच पायरीवर बसलो. जिंदगीत पहिल्यांदा स्वतः चुकल्याचा एवढा आनंद झाला.

परतताना बसमध्ये वहिनीनं हात पुढं केला. "ते खिशातलं द्या." पत्रक काढून दिलं. तिनं सगळं वाचलं. "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाली, आणि कागदाची चौकोनी घडी करून खोक्यात, बोर्ड हलू नये म्हणून, कडेला खोचली.

बाजाराच्या दिवशी सोसायटीच्या दारात नेहमीसारख्या चपला पडल्या होत्या. वहिनी कोणाचं तरी नाव दुसऱ्यांदा विचारून टाइप करत होती. मला पाहिलं आणि म्हणाली, "दुपट्टा बाहेर ठेवून या."

ठेवला.