पंपावरची पांढरी खूण

"पंप कसा चकाचक केलाय बघा काका!" सर्व्हिसिंगला दिलेल्या माझ्या जुन्या जीपचं बॉनेट गॅरेजवाल्यानं कौतुकानं उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. डिझेल पंपाच्या स्क्रूजवळची पांढरी खूण त्यानं रॉकेलनं घासून काढली होती.

लेहला जाताना घाटात ही जीप नुसता काळा धूर ओकत होती. वर हवा विरळ, तेवढंच डिझेल सोडलं तर ते नीट जळत नाही. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं स्क्रू फिरवून डिझेल कमी केलं. पण त्याआधी स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाचा ठिपका दिला. खाली उतरलात की स्क्रू परत या ठिपक्यावर आणा, म्हणाला. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू.

आता कुठं आणू? अंदाजानं फिरवलं की एकदा धूर, एकदा मरगळ.

चिडचिड गॅरेजवाल्यापाशी थांबेना. तीस वर्षं साहेबांच्या केबिनमध्ये मीही स्वतःला असंच कमी करून ठेवलं. बेताचं बोलायचं, धूर दिसू द्यायचा नाही. निवृत्त होऊन वर्ष झालं, आता हवा भरपूर आहे. पण मुळात मी किती होतो, याची खूण कुणी केली होती?

काल उड्डाणपुलावर जीप रखडत चढत होती. मागे हॉर्न. बायको म्हणाली, "अहो, दाबा की जरा!"

"तळापर्यंत दाबलंय गं," मी म्हणालो. ओरडायचं होतं. तेही हळूच निघालं.