विजयाताईंनी परत आणलेले चार चेहरे

विजयाताईंची आणि माझी ओळख माझ्या बहिणीच्या कानावरून झाली. लग्नासाठी तिचा फोटो मी मोबाइलवर काढला होता आणि मागचं धूसर करण्याच्या नादात मोबाइलने तिचा अर्धा कानही पुसून टाकला होता. नेरुळला ताईंच्या स्टुडिओत प्रिंट काढायला गेले, तर त्या म्हणाल्या, "पोरगी गोड आहे गं, पण कान कुठे ठेवून आली?" मला राग आला. तरी पुढच्याच महिन्यात मी त्यांच्याकडे कामाला लागले.

निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करण्यापासून ताईंनी सुरुवात केली. आज साठीत त्या कॉम्प्युटरवर अशी धूसरता आणतात की फोटो भारी लेन्सने काढलाय असंच वाटावं. मला मात्र त्यांनी आधी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. काउंटरवर एकामागे एक तीन स्टीलचे पेले मांडले आणि आठ दिवस नुसतं कॅमेऱ्यातून बघायला लावलं. पेला फोकसपासून जितका मागे, तितका जास्त धूसर. आणि ज्या पेल्यावर फोकस, त्याच्या बुडाजवळचं काउंटरही स्वच्छ. बाईंचं डोकं फिरलंय, असं मी घरी सांगत असे.

इतकं शिकूनही मी माती खाल्ली. सारसोळ्याच्या कोळी महिला मंडळाचा बॅनर होता. अध्यक्षबाई खुर्चीत, चौघी मागे अगदी खेटून उभ्या, आणि पार लांब खाडीतल्या होड्या. अध्यक्षबाईंचा मुलगा म्हणाला, "आईच क्लिअर पायजे, बाकी ब्लर मारा." मी मारला. बॅनर त्याच संध्याकाळी लागायचा होता. तो न्यायला फुलाबाई आल्या, त्या चौघींतल्याच एक. अध्यक्षबाईंच्या खांद्यावरचा आपला हात त्यांनी बांगड्यांवरून ओळखला आणि हळूच विचारलं, "माजा हात हाय, मंग मी कुठं हाय?"

"त्यांच्या मुलानेच सांगितलं होतं," म्हणून मी हात झटकले. ताईंनी मात्र हात जोडले. "चूक आमची आहे, बाई. थांबा, दुसरा करून देते." फोनवर तो मुलगा तणतणला, मंडळाचं सगळं काम दुसरीकडे नेईन म्हणाला. ताई म्हणाल्या, "खुशाल न्या. ब्लर अंतर बघून पडतो, कुणाचा मान बघून नाही."

मग मूळ फोटो घेऊन त्या स्वतः बसल्या. चारही चेहरे केसांच्या बटांसकट परत आणले, आणि लांबच्या होड्या तेवढ्या हळूहळू विरघळवल्या. फुलाबाईंनी नवा बॅनर दुकानातच उलगडला, नावं घेत एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच्या. मंडळाचं काम खरंच गेलं. ताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

ताईंचा स्वभाव तापट आहे, हे या गौरवग्रंथात लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल. चहा उशिरा आला तरी त्यांचा आवाज चढतो. त्या दिवशी मात्र त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मीही आजवर तोंड उघडलेलं नाही, ते आज सगळ्यांसमोर उघडते. ताई, चूक "आमची" नव्हती, माझी होती. तुमचं माझ्यावर रागवायचं राहून गेलंय. ते अगदी सावकाश, पोटभर रागवता यावं, इतकं निरोगी आणि उदंड आयुष्य तुम्हाला लाभो.